आपत्ती, विस्थापन आणि अपंग व्यक्ती: सरकारी मदतीचा हिशेब

(मंचाच्या ह्यूस्टन येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पूर आला तेव्हा आपण नेहमीप्रमाणे निधी जमवला. तो कसा वाटायचा यावर फोनवर बैठक झाली. त्यात मी विचारले की पूरग्रस्तांमधल्या अपंग व्यक्तींसाठी काही रक्कम वेगळी ठेवायची का? एका ज्येष्ठ सभासदांनी लगेच उत्तर दिले, "अहो, त्यांच्यासाठी सरकारच्या भरपूर योजना आहेत. आपण सगळ्यांसाठी करू, त्यात तेही आलेच." हे उत्तर त्यांनी चांगल्या मनाने दिले होते आणि बहुतेकांना ते पटलेही. मला मात्र ते पटेना. सरकारच्या योजना खरोखर काय आहेत, आणि घर सोडावे लागलेल्या अपंग माणसापर्यंत त्या कशा पोचतात (किंवा पोचत नाहीत), हे मी गेले काही महिने वाचत आहे. कार्यकारिणीने तेच इथे मांडायला सांगितले, म्हणून आज उभी आहे.

माझे रोजचे काम वैद्यकीय आकडेवारीवरच्या संशोधनाचे आहे. कायदा हा माझा विषय नव्हे, त्यामुळे कायद्याबद्दल जे बोलेन ते कायद्याचा मजकूर वाचून बोलेन, त्यावरची भाष्ये वाचून नव्हे.

शब्दाबद्दल एक वाक्य. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि आता तो सरकारी कागदोपत्री सगळीकडे आहे. अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी त्याला हरकत घेतली. आमच्यात काही दैवी नाही, आम्हाला हक्क द्या, असे त्यांचे म्हणणे होते. मी 'अपंग व्यक्ती' असेच म्हणणार आहे. योजनेचे किंवा खात्याचे नाव आले तर ते आहे तसे घेईन.

सुरुवात अमेरिकेपासून करते, कारण आपण इथे राहतो आणि इथला अनुभव चांगला नोंदवलेला आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर जेमतेम महिन्याने, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आले. 'शहर खाली करा' असा आदेश न्यू ऑर्लिन्समध्ये निघाला होता. पण तो आदेश ज्यांच्याकडे गाडी आहे, पेट्रोलला आणि मोटेलला पैसे आहेत आणि ज्यांना स्वतः जिना उतरता येतो, त्यांच्यासाठी होता. २००० च्या जनगणनेप्रमाणे त्या शहरात पाच वर्षांवरच्या रहिवाशांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना काही ना काही अपंगत्व होते. ही संख्या सरकारच्याच दप्तरात होती. तरीही त्यांना हलवण्याची व्यवस्था कोणाकडे आहे हे त्या दिवशी कोणालाच सांगता येत नव्हते.

अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या मार्सी रॉथ यांनी नंतर सांगितलेली एक हकीकत आहे. व्हीलचेअर वापरणारी, चारही हातपाय लुळे असलेली एक स्त्री दोन दिवस गाडीची वाट पाहत होती. अपंगांसाठीची वाहनसेवा तिला सुपरडोममध्ये नेणार होती, ती आलीच नाही. रॉथ तिच्याशी फोनवर बोलत असतानाच घरात पाणी शिरले आणि फोन बंद पडला. काही दिवसांनी तिचा मृतदेह तिच्या घरातच सापडला. सेंट बर्नार्ड पॅरिशमधल्या एका वृद्धाश्रमात ३५ जण बुडाले. लुइझियानातल्या मृतांचा पुढे अभ्यास झाला, त्यात जवळजवळ निम्मे ७५ वर्षांच्या किंवा त्यावरच्या वयाचे निघाले. वादळ सर्वांना सारखेच असते असे आपण म्हणतो. हा आकडा पाहिल्यावर ते म्हणवत नाही.

आता कायद्याकडे येते. इथे मदतीचा मूळ कायदा १९८८ चा स्टॅफर्ड कायदा. त्याचे ३०८ वे कलम म्हणते की मदत देताना भेदभाव करू नये. मूळ यादीत वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीयत्व, लिंग, वय आणि आर्थिक स्थिती होती. अपंगत्व नव्हते. कतरिनानंतर ऑक्टोबर २००६ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाच्या सुधारणेचा कायदा झाला. त्याने ही यादी वाढवून त्यात 'अपंगत्व' आणि 'इंग्रजी भाषेचे ज्ञान' असे दोन शब्द घातले, आणि फेमामध्ये (म्हणजे इथल्या केंद्रीय आपत्ती संस्थेत) अपंगत्वविषयक समन्वयकाचे पद निर्माण केले. २०१० मध्ये त्यासाठी पूर्ण कार्यालय झाले आणि त्याच्या प्रमुखपदी त्याच मार्सी रॉथ आल्या.

आपल्याकडे भारतात काय झाले पाहा. आपला आपत्ती व्यवस्थापन कायदा डिसेंबर २००५ चा, म्हणजे मुंबईच्या पुरानंतर पाच महिन्यांनी आलेला. त्याचे ६१ वे कलम जवळजवळ हेच सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यावरून भेदभाव करू नये. जातीचा उल्लेख आहे याचा मला अभिमान वाटतो, त्सुनामीनंतरचा अनुभव ताजा होता. पण त्या यादीत अपंगत्व नाही. अमेरिकेने कतरिनानंतर वर्षभरात चूक दुरुस्त केली. आपण कायदा नव्याने लिहीत होतो तेव्हाही तो शब्द घातला नाही. त्याची भरपाई २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने काही प्रमाणात झाली. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

कायद्यात शब्द आला म्हणजे काम झाले असे अर्थातच नाही. कतरिनानंतर बेघर झालेल्यांना फेमाने राहायला ट्रेलर दिले. ट्रेलरला तीन-चार पायऱ्या, अरुंद दार आणि त्याहून अरुंद न्हाणीघर. व्हीलचेअर आत जाणेच शक्य नव्हते. 'घर मिळाले' म्हणून नोंद झालेली माणसे प्रत्यक्षात नातेवाइकांच्या सोफ्यावर नाहीतर वृद्धाश्रमात होती. २००६ मध्ये लुइझियाना आणि मिसिसिपीतल्या अपंग विस्थापितांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला आणि त्याच वर्षी तडजोड झाली. फेमाला रॅम्प असलेले, आत वळायला जागा असलेले ट्रेलर देणे आणि चौकशीसाठी वेगळा फोन क्रमांक ठेवणे मान्य करावे लागले. हा दावा ज्या तत्त्वावर उभा होता ते १९७३ च्या आणि १९९० च्या कायद्यांत आधीपासून होते. तरी ते कोर्टात जाऊन मागावे लागले. पुढेही तेच होत राहिले. २०११ मध्ये लॉस एंजेलिस शहराची आणि २०१३ मध्ये, आयरीन व सँडी वादळांनंतर, न्यूयॉर्क शहराची आपत्ती योजना अपंगांच्या बाबतीत कायद्याला धरून नाही असे न्यायालयांनी ठरवले. दोन्ही शहरे श्रीमंत, दोन्हीकडे योजनांचे जाडजूड ग्रंथ. न्यूयॉर्कच्या खटल्यातला एक मुद्दा उंच इमारतींचा होता. वीज गेली, लिफ्ट बंद, आणि बाराव्या मजल्यावरच्या व्हीलचेअरवरच्या माणसाला खाली कसे आणायचे याचे उत्तर योजनेत नव्हते. मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये आईवडिलांना फ्लॅट घेऊन दिलेल्या आपल्यासारख्यांनी हा निकाल मुद्दाम वाचावा.

विस्थापनात एक अडचण अशी आहे जी बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. अपंग माणूस घर सोडतो तेव्हा भिंतींबरोबर त्याच्या दिवसाची सगळी मांडणी मागे राहते. सकाळी उठवायला येणारी मदतनीस, ओळखीचा औषधवाला, दुरुस्ती करून देणारा व्हीलचेअरवाला, बाथरूममधला दांडा. अमेरिकेत घरी येणाऱ्या मदतनीसाचा पगार पुष्कळदा मेडिकेडमधून होतो आणि मेडिकेड प्रत्येक राज्याचे वेगळे. लुइझियानाहून टेक्सासला आलेल्या माणसाला इथे नव्याने अर्ज करावा लागतो. घरी राहून मिळणाऱ्या सेवांसाठी टेक्सासची प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची आहे, काही योजनांत दहा वर्षांहून लांब. म्हणजे राज्याची सीमा ओलांडताना माणूस वाचला, पण त्याचा मदतनीस गेला. मग एकच जागा उरते जिथे ताबडतोब खाट मिळते, ती नर्सिंग होम. राष्ट्रीय अपंगत्व परिषदेने २०१९ मध्ये याच प्रश्नावर अहवाल काढला. आपत्तीच्या वेळी 'तात्पुरते' संस्थेत ठेवलेले लोक तिथेच अडकून पडतात आणि घरी परतत नाहीत, असे त्यात नोंदवले आहे. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच अनावश्यक संस्थाबंदी हा भेदभाव ठरवला, तिथे हे घडते.

दुसरी अडचण पैशाची. गरीब अपंगांना इथे जो मासिक भत्ता मिळतो (एसएसआय) त्यासाठी एकट्या माणसाकडे २००० डॉलरहून अधिक शिल्लक असता कामा नये. ही मर्यादा १९८९ पासून बदललेली नाही. १९८९! वादळाची सूचना आली की आपण क्रेडिट कार्ड काढून डॅलसला हॉटेल बुक करतो. ज्याला बचत करायलाच कायद्याने मनाई आहे त्याने काय करायचे? सरकारी आपत्ती मदत या मर्यादेत धरत नाहीत, हे खरे. पण ती मदत वादळानंतर येते. निघायला पैसे वादळाच्या आधी लागतात.

आता थोडे माझ्या विषयाबद्दल, म्हणजे मोजण्याबद्दल. २०१७ मध्ये हार्वी, अर्मा आणि मारिया अशी तीन वादळे लागोपाठ आली. त्यानंतर सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये फेमाची तपासणी केली. त्यात दिसले की मदतीसाठी नोंदणी करताना तुम्हाला अपंगत्व आहे का, हा प्रश्न सरळ विचारलाच जात नव्हता. प्रश्न आडवळणाचा होता, लोकांना कळत नव्हता, उत्तर 'नाही' जायचे आणि पुढची सगळी मदत त्या 'नाही'वर ठरायची. मे २०१९ पासून फेमाने प्रश्न सरळ केला. लगेच अपंगत्व सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले. माणसे तीच, वाक्य बदलले.

हे नवे नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या सर्वेक्षणात अपंगांचे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास येते आणि रोगनियंत्रण केंद्राच्या सर्वेक्षणात प्रौढांमध्ये चारात एक. भारताच्या २०११ च्या जनगणनेत २.२१ टक्के, म्हणजे २ कोटी ६८ लाख. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. अमेरिकेत अपंग माणसे भारताच्या सहापट-दहापट आहेत असे यावरून कोणी म्हणत असेल तर त्याने माझ्या वर्गात बसावे. लोकसंख्येतल्या वयाचा फरक काही प्रमाणात आहेच. पण बराचसा फरक प्रश्नाचा आहे. 'घरात कोणी अपंग आहे का?' असे दारात उभे राहून विचारले की घरचे 'नाही' म्हणतात. पोरीचे लग्न व्हायचे असते. म्हाताऱ्या आजीला दिसत नाही, चालवत नाही, पण ती 'अपंग' नव्हे, ती म्हातारी. 'जिना चढायला त्रास होतो का?' असे विचारा, उत्तर वेगळे येईल. जी संख्या खाली धरली त्याच संख्येवर पुराच्या वेळी बोटी आणि खाटा ठरतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तीविषयक कार्यालयाने २०१३ मध्ये जगभरातल्या अपंग व्यक्तींचे एक सर्वेक्षण केले. अचानक घर सोडावे लागले तर विनाअडचण लगेच निघू शकू असे म्हणणारे सुमारे २० टक्केच होते. सर्वेक्षण मुख्यतः ऑनलाइन होते, त्यामुळे इंटरनेट नसलेली माणसे त्यात आलीच नाहीत. खरे प्रमाण याहून कमी असेल असा माझा अंदाज.

हार्वीच्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी निवारा केंद्रांत काम केले. मी ज्या केंद्रावर होते ते नीट चालवलेले होते, तक्रार करण्यासारखे फारसे नव्हते. पण तिथे एक मूकबधिर जोडपे होते. जेवणाची, औषधांची, फेमाचा माणूस आल्याची प्रत्येक घोषणा भोंग्यावरून व्हायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलीने फळ्यावर सूचना लिहायला सुरुवात केली, तोवर त्यांना फक्त गर्दी कुठे चालली आहे ते दिसत होते. फळा आणि खडू, एवढाच खर्च. २०१० पासून फेमाचे मार्गदर्शन आहे की अपंगांना वेगळ्या 'विशेष' छावणीत न धाडता सर्वांच्या निवाऱ्यातच सोयी करा, म्हणजे कुटुंब फुटत नाही. तत्त्व उत्तम. फळा आणायला कोणाला तरी सुचावे लागते.

मारियाबद्दल एकच गोष्ट सांगते. पोर्तो रिकोत सरकारी मृतसंख्या आधी ६४ होती. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने ती २,९७५ वर नेली. वाऱ्याने मेलेले थोडे. महिनोन् महिने वीज नव्हती, आणि डायलिसिस, ऑक्सिजनचे यंत्र, इन्सुलिनचा फ्रीज हे सगळे विजेवर. आपल्याला हे लांब जाऊन पाहायला नको. फेब्रुवारी २०२१ ची थंडी आठवा, जुलै २०२४ मध्ये बेरील आले तेव्हा ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून अधिक ग्राहक अंधारात होते ते आठवा.

सुधारणा झाल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१८ च्या कायद्याने रॅम्प, दांडे अशा सोयींचा खर्च मदतीच्या कमाल मर्यादेबाहेर काढला. मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी आणखी एक गोष्ट केली. पूर्वी 'जे होते ते परत' एवढेच मिळायचे. तुमच्या घराला वादळापूर्वी रॅम्प नसेल तर नंतर कशाला, असा तो न्याय. आता पडझड झालेल्या घरात पूर्वी नसलेली सोयही करून घेता येते. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गरीब अपंगांच्या घरात ती सोय आधी नसतेच. पण जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षांनी फेमा ठेवायची की मोडायची याचीच चर्चा सुरू केली आणि त्यासाठी समिती नेमली. त्याच वर्षी फेमाने घरोघरी जाऊन नोंदणी करण्याची पद्धत बंद करायचे ठरवले. ज्याला केंद्रावर जाता येत नाही, ज्याचा फोन पाण्यात गेला, त्याच्यासाठी दारात येणारा माणूस हीच मदत होती. पैसे वाचवण्याचा हा मार्ग कोणाच्या खिशातून जातो ते उघड आहे.

आपल्या घरांबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना फेमाची रोख मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड असेल तर मिळते. मात्र घरात अमेरिकन नागरिक असलेले अज्ञान मूल असेल तर त्याच्या वतीने आईवडिलांना अर्ज करता येतो. आपल्यात विशेष गरजा असलेल्या मुलांची एच-१बी वाली कुटुंबे आहेत. 'आपल्याला काही मिळत नाही' असे धरून ती अर्जच करत नाहीत. निवारा, अन्न, पाणी, तातडीचे उपचार यांना तर व्हिसाची अट नाही, त्यामुळे व्हिजिटर म्हणून आलेल्या आईवडिलांना निवारा केंद्रात न्यायला घाबरू नये. दुसरे, टेक्सासमध्ये आपत्तीत मदत लागणाऱ्या व्यक्तींची 'स्टिअर' नावाची ऐच्छिक नोंदवही आहे. २११ ला फोन करून नाव घालता येते. नाव घातले म्हणजे गाडी येईलच अशी हमी नाही, तसे ते स्पष्ट सांगतात. तरी घाला. वॉकर घेऊन चालणारे सासरे, पार्किन्सन झालेली आई हेही यात बसतात.

आता महाराष्ट्र. मी म्हटले तो २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्याचे ८ वे कलम आपत्तीबद्दल आहे, आणि ते वाचून मला सुखद धक्का बसला. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवावी, धोक्याची सूचना त्यांना पोचेल अशी व्यवस्था करावी, आणि आपत्तीनंतरची पुनर्बांधणी अपंगांना वापरता येईल अशी, राज्याच्या अपंग आयुक्तांशी विचारविनिमय करून करावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. राष्ट्रीय आपत्ती प्राधिकरणाने २०१९ मध्ये त्यावर स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. अमेरिकेला जे कोर्टाकोर्टातून मिळवावे लागले त्यातले बरेच आपल्याकडे छापील आहे.

पण मदतीचे पैसे ज्या निकषांवर मिळतात तिकडे वळा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष मी ओळीने वाचले. त्यात अपंगत्व आहे, पण आपत्तीमुळे झालेले. ४० ते ६० टक्के अपंगत्व आले तर ७४ हजार, ६० च्या वर अडीच लाख. आधीपासून अपंग असलेल्या माणसाचे पुरात काय गेले, याची ओळ मला त्यात दिसली नाही. दुधाळ म्हैस वाहून गेली तर ३७ हजार ५०० रुपये आहेत आणि ते असायलाच हवेत. कपडे आहेत, भांडी आहेत, विणकराची अवजारे आहेत, मच्छीमाराची जाळी आहेत. तीनचाकी सायकल, कॅलिपर, श्रवणयंत्र नाही. तलाठी पंचनामा करतो तो या रकान्यांप्रमाणे, त्याचा दोष नाही. साधने देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून आहे, पण तिच्यात मोठ्या माणसांसाठी अट अशी की मागच्या तीन वर्षांत त्याच कारणासाठी मदत घेतलेली नसावी. गेल्या वर्षी सायकल मिळाली आणि यंदा पुरात गेली, तर अर्जदार नियमाप्रमाणे बादच. पुराला तीन वर्षे थांबायला सांगता येत नाही.

माझ्या आत्या सांगली जिल्ह्यात राहतात. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांना शेजारच्या मुलांनी उचलून बोटीत बसवले. बोटीत माणसांनाच जागा नव्हती, सायकल मागे राहिली हे ठीकच. त्यांना शाळेत ठेवले, लोकांनी खूप प्रेमाने केले. पण शाळेचे स्वच्छतागृह मैदानाच्या पलीकडे, चिखलातून आणि चार पायऱ्या वर. प्रत्येक वेळी कोणाला तरी उचलायला सांगायचे, बहुतेक पुरुषच असायचे. आत्यांनी पाणी पिणे बंद केले. पाच दिवसांनी त्या दवाखान्यात पोचल्या त्या मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन. पुराने झालेल्या आजारांच्या कोणत्याही आकड्यात हे येणार नाही. मी फोनवर रागावले तेव्हा म्हणाल्या, "अगं, किती वेळा सांगायचं माणसांना? लाज वाटते." त्यांची सायकल नंतर गावातल्या एका मंडळाने वर्गणी काढून दिली. दीड वर्षाने.

जपानचे उदाहरण इथे उपयोगी आहे. २०११ च्या त्सुनामीत अपंग व्यक्तींचा मृत्युदर इतरांच्या सुमारे दुप्पट होता. २०१३ मध्ये त्यांनी कायदा बदलून प्रत्येक नगरपालिकेला मदत लागणाऱ्यांची यादी करणे बंधनकारक केले. नंतर लक्षात आले की नुसत्या यादीने माणूस हलत नाही. म्हणून २०२१ मध्ये पुढचे पाऊल टाकले. त्या यादीतल्या प्रत्येकासाठी कोण येणार, कशातून नेणार, कुठे नेणार, अशी वैयक्तिक योजना करण्याचा प्रयत्न पालिकांनी करावा असे कायद्यात आणले.

यादी आपल्याकडे मुळातून करायचीही गरज नाही, असे माझे मत झाले आहे. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. ते खर्च करायचे तर गावातल्या अपंगांची नावे ग्रामसेवकाकडे हवीतच. दिव्यांग ओळखपत्राची, यूडीआयडीची, नोंद संगणकावर आहे. आशा कार्यकर्तीला तर कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे ते तोंडपाठ असते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. तुकडे सगळे आहेत. पावसाळ्याच्या आधी ते जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती कक्षाच्या टेबलावर एकत्र आले आहेत का, एवढाच प्रश्न, आणि तो विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पुनर्बांधणीबद्दल थोडे बोलून थांबते, कारण तिथे पैसा सर्वांत मोठा आणि चूक सर्वांत टिकाऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली. ऐसपैस रस्ते, चौकटीत आखलेले प्लॉट, नकाशावर सुंदर. जुन्या गावात पार, दुकान, देऊळ, शेजारीण हाकेच्या अंतरावर होती, नव्या गावात अंतरे वाढली. ज्याला चालता येते त्याचीही तक्रार होती, मग भूकंपातच पाय गेलेल्यांचे काय झाले असेल? तेव्हा ८ वे कलम नव्हते. आज आहे. तळिये २०२१ मध्ये दरडीखाली गेले, इर्शाळवाडी २०२३ मध्ये. पुढच्या प्रत्येक पुनर्वसनाच्या आराखड्यावर अपंग आयुक्तांशी विचारविनिमय झाला का, हा प्रश्न आता कायद्याच्या आधाराने विचारता येतो.

म्हणून कार्यकारिणीसमोर तीन गोष्टी ठेवते. निधीतला काही भाग गेलेली साधने ताबडतोब भरून देण्यासाठी राखून ठेवावा. सायकल, कुबड्या, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, कमोडच्या खुर्च्या. आत्यांना दीड वर्ष लागले ते पंधरा दिवसांवर आणता आले पाहिजे. ज्या संस्थांना आपण पैसे देतो त्यांच्या फॉर्ममध्ये 'अपंग आहेत का?' याऐवजी दिसणे, ऐकणे, चालणे, लक्षात राहणे, स्वतःचे आवरणे आणि बोलणे यांबद्दलचे सहा साधे प्रश्न घालावेत. हे प्रश्न जगभर वापरले जातात, मराठी करून देण्याचे काम माझे. आणि तिसरे पत्राचे. कोल्हापूर, सांगली, सातारा, रायगड, रत्नागिरी, सोलापूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना, ८ व्या कलमाखालची नोंद केली आहे का आणि शेवटची कधी तपासली, असे विचारणारे पत्र. मसुदा माझ्याकडे तयार आहे. ज्यांचे भाऊ, बहिणी, मित्र या जिल्ह्यांत राहतात त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावे. पत्र इथून पाठवण्यापेक्षा तिथल्या माणसाने हातोहात नेऊन दिले आणि पोच घेतली तर ते फायलीत लागते. पत्रे मे महिन्याच्या आत पोचायला हवीत, जूनमध्ये त्या कक्षाला वेळ नसतो.

आता प्रश्न घेऊ या.